बाळंतिणीच्या खोलीतला स्टुडिओ

मार्च 2020 च्या तिसऱ्या आठवड्यात अंधेरीच्या एका स्टुडिओतून निघताना रेकॉर्डिस्ट म्हणाला होता, "ताई, उरलेले लूप सोमवारी करू." डबिंगमध्ये संवाद छोट्या तुकड्यांनी भरतात, त्या तुकड्यांना लूप म्हणतात. तो सोमवार काही आला नाही. चार कपडे पिशवीत भरून मी वाईला आईकडे आले आणि 24 तारखेच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली.

आवाजाच्या कामात मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. डबिंग, जाहिराती, कारखान्यांचे माहितीपट, शाळेच्या धड्यांचं वाचन, मिळेल ते. या बारा वर्षांत माइक मात्र कधी विकत घेतला नव्हता. स्टुडिओत जायचं, हेडफोन चढवायचा, काचेपलीकडचा माणूस बाकीचं बघणार, आपण बोलायचं. माइकपासून किती लांब बसायचं तेही तोच येऊन सांगायचा.

एप्रिलमध्ये फोन सुरू झाले. काम होतं, जागा बंद होत्या. "घरून करून पाठवता का?" असं जो तो विचारू लागला. पहिलं काम मी मोबाइलवर केलं, माडीवर, डोक्यावरून रजई घेऊन. घामाने चिंब झाले, पण तीन मिनिटांचं वाचन एका दमात चांगलं उतरलं होतं. संध्याकाळी निरोप आला: "आवाज छान. पण खोली ऐकू येतेय."

हे वाक्य मी स्टुडिओत कितीतरी वेळा ऐकलं होतं, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगबद्दल. खोली ऐकू येते म्हणजे नेमकं काय होतं, ते त्या दिवसापासून शिकायला लागले.

आमचा वाडा घाटापासून चार-पाच मिनिटांवर. निम्मा पडला, उरलेल्या निम्म्यात आई राहते. भाजक्या विटा आणि पांढऱ्या मातीच्या भिंती, कुठे पावणेदोन तर कुठे दोन फूट जाड. माजघराच्या आत एक खोली आहे, आठ फूट बाय सात फूट, वर सागवानी तुळया आणि फळ्यांचा माळा. खिडकी नाही. वर वीतभर झरोका आणि वाकून आत शिरावं लागेल असं दार. ही बाळंतिणीची खोली. माझे वडील आणि त्यांची तिन्ही भावंडं इथे जन्मली. मला आठवतं तेव्हापासून तिथे लोणच्याच्या बरण्या, सणावाराची पितळी भांडी आणि गोधड्यांचा ढीग असायचा.

जूनमध्ये कुरिअर सुरू झाल्यावर पहिला कंडेन्सर माइक मागवला, स्वस्तातला. सोबत फोकसराइट स्कार्लेट सोलो हा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी, माइकची एक्सएलआर केबल, स्टँड, आणि श्वासाचा झोत अडवणारी जाळी, पॉप फिल्टर. कंडेन्सर माइकला स्वतःला वीज लागते, 48 व्होल्ट. ती इंटरफेसमधून केबलवाटेच जाते. ते बटण दाबायचं राहिलं तर माइक मुका. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, ते फुकट आहे. आणि काम सुरू करायच्या आधी घरभर फिरून मी शांतता मोजली.

प्रत्येक खोलीत माइक लावायचा, गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा तो आकडा, एकच ठेवायचा, काही न बोलता एक मिनिट रेकॉर्ड करायचं आणि त्या मिनिटाची पातळी बघायची. डिजिटल ध्वनीत शून्य हा सर्वात मोठा आवाज, त्याखाली सगळे उणे आकडे. आकडा जितका खाली तितकी शांतता जास्त. ऑडिओबुकं करणारे बहुतेक जण एसीएक्स या ऑडिबलच्या ऑडिओबुक-व्यासपीठाची मोजमापं प्रमाण धरतात: शांततेची पातळी उणे 60 डेसिबलच्या खाली हवी, वाचनाची सरासरी उणे 23 ते उणे 18 च्या दरम्यान हवी आणि सर्वात वरचं टोक उणे 3 च्या पुढे जाता कामा नये. आमचं स्वयंपाकघर निघालं उणे 44. फ्रिज तिथेच आहे. माडी उणे 48. माजघर उणे 55. आणि बाळंतिणीची खोली, रात्री अकरा वाजता, उणे 63.

मी आईला आकडा दाखवला. ती म्हणाली, "बाळाला झोप लागावी म्हणून तर ती खोली इतकी आत बांधली."

मुंबईतले माझे काही सोबती तेव्हा फ्लॅटच्या चार इंची भिंतींना फोम चिकटवत होते आणि तरी रिक्षा ऐकू येते म्हणून वैतागत होते. फोम बाहेरचा आवाज अडवत नाही. तो खोलीतल्या खोलीत फिरणारा आवाज थोडा कमी करतो, इतकंच. अडवणं आणि शोषणं ही दोन निराळी कामं आहेत. अडवायला वजन लागतं: जाड भिंत, भरीव दार, फटी बुजवलेल्या. शोषायला जाड, मऊ, हवा खेळेल अशी वस्तू लागते. नवीन येणाऱ्या मुला-मुलींना मी हे सगळ्यात आधी सांगते, कारण पैसे इथेच वाया जातात. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांच्याकडून तर यातलं एकही काम धड होत नाही.

अडवायचं काम पणजोबांनी करून ठेवलं होतं. शोषायचं बाकी होतं.

सामान काढून रिकाम्या केलेल्या त्या खोलीत टाळी वाजवली की 'टर्रर्र' असा चिरका आवाज समोरासमोरच्या भिंतींमध्ये धावायचा. मी चारी भिंतींना आजीच्या गोधड्या टांगल्या, नऊ गोधड्या. टाळी विझली. मला वाटलं, जमलं. रेकॉर्डिंग ऐकलं तर माझा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. स, श, त, थ यांची धार गेलेली, आणि खाली एक 'बों' असा घुमारा तसाच. त्या आठवड्यात मी पाठवलेली दोन कामं परत आली.

त्या वर्षी मुंबईतल्या काही मालिकांची चित्रीकरणं साताऱ्याकडे सरकली होती. एका युनिटवर माझ्या जुन्या ओळखीचा ध्वनिमुद्रक होता. सुट्टीच्या एका दुपारी तो वाड्यावर आला, ओसरीवर चहा घेतला आणि खोलीत येऊन दोन मिनिटं काही न बोलता उभा राहिला. मग म्हणाला, "गोधडी पातळ आहे. पातळ कापड फक्त वरचे सूर खातं. खालच्या सुरांची लाट लांब, ती गोधडीतून आरपार जाते, भिंतीवर आपटते आणि परत येते. जाडी पाहिजे, चार इंच तरी. आणि भिंतीला चिकटवू नकोस, मागे दोन इंच मोकळे सोड."

नंतर त्याने मला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि खालच्या सुरापासून हळूहळू वर चढत 'आ' लावायला सांगितला. चढता चढता एका ठिकाणी खोलीच माझ्याबरोबर गायला लागली. छातीत कंप जाणवला. "थांब, इथेच थांब," तो म्हणाला. फोनवर आकडा होता 160 हर्ट्झच्या आसपास. "खोली सात फूट रुंद आहे ना? या सुराची अख्खी लाट सात फुटांत बरोबर मावते. अशा वेळी भिंतींपाशी आणि मधोमध जोर सगळ्यात जास्त. आणि तू बसतेस नेमकी मधोमध."

160 म्हणजे माझ्या शांत वाचनाचा तळ. अर्ध्याअधिक वाक्यांचा शेवट मी तिथेच टेकवते.

त्याने खुर्ची आणि माइक उचलून बाजूच्या भिंतीपासून पावणेदोन फुटांवर आणले. सातचा पाव हिस्सा. तिथे त्या लाटेचा जोर जवळजवळ नसतो. पुन्हा 'आ' लावला. घुमारा निम्म्याहून कमी झाला होता. एक रुपया खर्च न होता. खुर्चीच्या चार पायांच्या खुणा मी तेव्हा शहाबादी फरशीवर खडूने केल्या, नंतर ऑइलपेंटने पक्क्या केल्या.

आता चार इंच जाडी कुठून आणायची? रॉकवूल पुण्यात मिळतं, पण त्याचे तंतू बारीक. बंद खोलीत तासन्‌तास, तेही तोंड उघडून श्वास घेत बसायचं, मला ते नको वाटलं. आईच म्हणाली, "अगं, गादी चार इंचांचीच असते की."

ज्यांनी आमच्या घरातल्या दोन पिढ्यांच्या गाद्या भरल्या त्या पिंजारीचाचांकडे गेले. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खण, पुढे पिंजायचं यंत्र आणि सगळीकडे, भुवयांवरसुद्धा, कापूस. मी सांगितलं, सात गाद्या हव्यात, दोन फूट बाय चार फूट, भिंतीला उभ्या लावायच्या. चाचांनी यंत्र बंद केलं.

"उभ्या?"

"हो, कायमच्या उभ्या."

"ताई, उभी गादी महिन्यात पोट काढते. कापूस खाली बसणार. वर नुसतं कापड राहील लोंबत."

हे त्या ध्वनिमुद्रकालाही सुचलं नव्हतं. चाचांनी जमिनीवर खडूने गादी आखली आणि आडव्या रेघा मारत गेले, दर आठ इंचांवर एक. आत तशा पट्ट्या शिवायच्या, सहा कप्पे करायचे, कापूस आपल्या कप्प्याबाहेर जाणार नाही. टाके नेहमीसारखे आवळायचे नाहीत, कापूस फुगलेला राहू द्यायचा. मग कापडाचा प्रश्न आला. त्यांनी गादीचं ते पट्ट्यापट्ट्यांचं घट्ट विणीचं कापड काढलं. ध्वनिमुद्रकाने मला सांगून ठेवलं होतं की कापडातून फुंकर आरपार गेली पाहिजे, नाहीतर आवाजही वरच्यावर परत फिरतो. मी ते तोंडापुढे धरून फुंकले, पलीकडे तळहात धरला. काही लागलं नाही. चाचांनी दुसरा तागा काढला, तिसरा काढला, शेवटी साध्या मांजरपाटातून फुंकर पलीकडे आली. पुढचे दोन तागे त्यांनी स्वतःच फुंकून पाहिले.

प्रत्येक गादीत चार किलो कापूस गेला. सुताराने लाकडी चौकटी केल्या, मागे दोन इंचांचे ठोकळे लावले. सगळं मिळून अकरा हजार रुपये झाले. दोन गाद्या माझ्या पाठीमागे, कारण कार्डिऑइड माइक तोंडासमोरचं ऐकतो आणि पाठीकडचं सोडून देतो; त्याचं तोंड माझ्याकडे, म्हणजे माझ्या मागची भिंतच त्याला सगळ्यात जास्त दिसते. दोन-दोन बाजूंना, आणि एक डोक्यावर, तुळयांना टांगलेली. इतका कापूस आहे म्हणून आत तापणारा दिवा ठेवत नाही, एलईडीची एक पट्टी तेवढी आहे.

ज्या रात्री सातवी गादी लावली त्या रात्री मी काहीतरी वाचलं, काय ते आता आठवत नाही. हेडफोनवर ऐकलं तर फक्त मी होते. दहा वेळा ऐकलं.

खोली इतकी गप्प झाल्यावर एक नवीन गोष्ट कानावर आली: तळाशी बारीक, अखंड सळसळ. दिवस असो वा रात्र, ती कमी होईना. ती माइकची स्वतःची होती. बहुतेक कंडेन्सर माइकच्या माहितीपत्रकात त्याच्या स्वतःच्या आवाजाचा आकडा दिलेला असतो. माझ्या पहिल्या माइकचा 20 डेसिबल होता. जाहिरातीत जोरात बोललं तर तो कळत नाही. पण गोष्ट हळू आवाजात वाचायची, नंतर पातळी उचलायची, की सळसळही बरोबर वर येते. पैसे साठवून वर्षाअखेर रोड कंपनीचा एनटी1-ए माइक घेतला, त्याचा आकडा 5 आहे. खोलीची पातळी उणे 71 वर गेली. शहरातल्या खोलीत हा बदल मला कदाचित कळलाही नसता. तिथे रस्त्याचाच आवाज वर असतो. म्हणून महागडा माइक घेऊ का असं कुणी विचारलं की मी आधी त्यांच्या खोलीचं एक मिनिट मागवते.

विजेचं थोडक्यात सांगते. वाड्याचं वायरिंग जुनं, अर्थिंग नावालाच. चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये 50 हर्ट्झची गुणगुण यायची. सुरुवातीला लॅपटॉप बॅटरीवर चालवून भागवलं. मग वायरमनने परसात खड्डा घेऊन मीठ-कोळशाचं नवीन अर्थिंग केलं आणि गुणगुण थांबली. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज नको म्हणून तो माजघरात असतो, दाराच्या चौकटीतून केबल आत येते. आत फक्त माइक, मी आणि संहितेसाठी टॅबलेट. कागद उलटताना वाजतो. आत पंखा नाही, त्यामुळे चाळीस मिनिटं झाली की बाहेर यायचं, दार उघडं टाकायचं, पाणी प्यायचं.

माइकसमोर कसं बसायचं याचे धडे इंटरनेटवर ढिगाने आहेत, पण बहुतेक इंग्रजीसाठी केलेले. त्यांचा सगळा भर 'प' आणि 'ब' वर. मराठीत भ, फ, ध, थ, घ, ख आहेत, आणि 'म्हणजे', 'न्हाणी', 'कोल्हा' यांतले हकार आहेत. महाप्राण म्हणजे श्वासाचा झोतच. 'भाऊ' म्हणताना तळहात ओठांपुढे धरून बघा. तो झोत माइकच्या पडद्यावर आदळला की धप्प असा आवाज येतो आणि तो नंतर सहज पुसता येत नाही. मी माइक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, थोडा वर आणि तिरका ठेवते, एक वीत अंतरावर. झोत बाजूने निघून जातो, आवाज मात्र पोचतो. महाप्राण सौम्य करून बोलणं हा उपाय मला मान्य नाही. 'भ' चा 'ब' झाला की मराठी पांगळी होते.

वाईच्या शांततेचेही ऋतू आहेत. मार्चपासून कोकीळ, पहाटे चारला सुरू. लग्नसराईत बँजो. ऑक्टोबरनंतर गळीत हंगाम: ऊस भरलेले ट्रॅक्टर रात्रभर जातात, दोन-दोन ट्रॉल्या मागे आणि मोठ्याने गाणी लावलेली. गाणी भिंत अडवते. इंजिनाची खालची धडधड दोन फूट मातीतूनही पायांवाटे आत येते. माइकच्या स्टँडखाली मी रबराच्या पट्टीचे चार तुकडे ठेवले, ती बरीच कमी झाली. राहिलेल्यासाठी 80 हर्ट्झच्या खालचं कापून टाकणारा फिल्टर लावते. माझ्या आवाजात त्याच्या खाली तसंही काही नाही.

पण सगळ्यात जास्त टेक खाल्ले ते पालीने. माळ्याच्या तुळयांत तिचं बिऱ्हाड आहे. ती नेमकी शांत प्रसंगात चुकचुकते, आणि एनटी1-ए तिला माझ्याइतक्याच मानाने टिपतो. आमच्या घरात पाल चुकचुकली की बोटांनी टकटक करत 'कृष्ण कृष्ण' म्हणायची रीत. आई माजघरात माळ ओढत बसलेली असायची. एका कादंबरीत म्हातारा मरणाच्या दारात आहे, मी पुटपुटल्यासारखं वाचतेय, पाल चुकचुकली, पाठोपाठ फळीवर टकटक आणि आईचं स्वच्छ, ठसठशीत 'कृष्ण कृष्ण'. तो टेक मी वापरू शकले नाही, पण पुसलाही नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला आहे. आईचा इतका चांगला आवाज माझ्याकडे दुसरा नाही.

जुलै 2021 मध्ये मात्र मोठा फटका बसला. त्या अतिवृष्टीत कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढून आलं, वीज दोन-अडीच दिवस नव्हती, आणि मातीच्या भिंतींनी ओल धरली. वीज आल्यावर कामाला बसले तर माइकमधून लाह्या फुटल्यासारखा तडतड आवाज. कंडेन्सर माइकमध्ये अतिशय पातळ पडदा विद्युतभारावर ताणलेला असतो. त्यावर ओल बसली की भार गळतो आणि तडतड होते. माझ्या हातात नऊ तासांच्या पुस्तकाचं काम होतं, सहा तास झालेले. मी घाबरून गेले. ओळखीच्या ध्वनिमुद्रकाला फोन केला. तो म्हणाला, "उघडू नकोस, पुसू नकोस, हेअर ड्रायर तर अजिबात नको. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून दोन दिवस विसर त्याला." आईने तांदळाचा स्टीलचा डबा रिकामा करून दिला. तिसऱ्या दिवशी माइक पूर्वीसारखा झाला. तेव्हापासून काम संपलं की माइक स्टँडवर राहत नाही, डब्यात जातो, आणि तो डबा आता माइकचाच, तांदळाला परत दिलेला नाही. निळे मणी ओल धरून गुलाबी झाले की वेगळ्या ठेवलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घेते.

काम कसं चालतं? ऑडिओबुक असेल तर आधी अख्खं पुस्तक वाचून काढते, नावांचे आणि गावांचे उच्चार वहीत लिहिते. तयार एका तासाला रेकॉर्डिंगचे दोन तास आणि ऐकून साफ करायला जवळपास तीन तास धरते. चुकलं की दोन-तीन सेकंद मागे जाऊन, आपलंच वाक्य कानात ऐकत तिथूनच पुढे बोलायचं; त्याला पंच अँड रोल म्हणतात, आणि त्याची सवय झाल्यावर माझा वेळ निम्मा वाचला. रोज सुरू करण्याआधी खोलीच्या शांततेचं एक मिनिट रेकॉर्ड करते. खाकरणं, जिभेचा 'चट' आवाज असं काही काढलं की त्या जागी निव्वळ शून्य ठेवता येत नाही, कानाला खड्डा जाणवतो. तिथे खोलीची शांतता भरावी लागते, आणि तीही त्याच दिवसाची. पावसाळ्यातली शांतता उन्हाळ्यातल्या वाचनात मिसळत नाही. डबिंग आणि जाहिराती दिग्दर्शकासोबत थेट होतात. तो अंधेरीत, कानात त्याचा आवाज, "थोडा स्माइल देके बोलिए ना." मी अंधाऱ्या खोलीत एकटी हसून बोलते.

टेलिफोनवरच्या सूचनांचं एक काम मला फार आवडलं. बेंगळुरूच्या एका तरुणाने शून्य ते वीस, मग तीस, चाळीस असे आकडे मागितले; बाकीचे यंत्र जोडून घेईल म्हणाला. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे जोडता येत नाहीत. 'बेचाळीस' मध्ये 'दोन' कुठेच नाही, आणि 'एकोणचाळीस' तर पुढच्या दहाचा हात धरून चालतो. शंभराच्या शंभर शब्द वेगळे बोलावे लागतील. त्याने पंधरा मिनिटं फोनवर एकेक आकडा विचारून पाहिला आणि मग बजेट वाढवून घेतलं. शंभर फायली, एका सुरात, एका दमसासात. दोन रात्री गेल्या.

पैशाबद्दल एकच सांगते, कारण नवीन मुलं विचारायला लाजतात. दुसऱ्या वर्षी एका संस्थेसाठी चौदा तासांचं काम केलं आणि मोबदला बुडाला. स्टुडिओत माणसं ओळखीची असतात, घरात बसून काम केलं की आपण एक ईमेल असतो. तेव्हापासून निम्मे पैसे आधी, आणि लेखी: संहिता त्यांनी बदलली तर पुन्हा रेकॉर्डिंगचे पैसे वेगळे, माझी चूक असेल तर फुकट.

आणि आता दुसरं एक कलम वाचावं लागतं. गेल्या काही वर्षांत करारांत, मध्येच कुठेतरी, असं वाक्य येतं की रेकॉर्डिंग कोणत्याही तंत्रज्ञानासाठी कायम वापरता येईल. म्हणजे माझ्या नऊ तासांवरून यंत्राने माझा आवाज शिकायचा आणि पुढचं पुस्तक त्याने वाचायचं. मी ते खोडून सही करते. दोन कामं त्यामुळे गेली. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, त्यात संमतीशिवाय यंत्राकरवी त्यांच्या आवाजाची नक्कल करण्याला मनाई आहे. तो खूप मोठ्या नावाचा माणूस आहे. आमच्यासारख्यांना करार वाचण्यावाचून सध्या तरी दुसरं साधन नाही.

मध्यंतरी शेतीच्या एका जाहिरातीसाठी वेळेचा अंदाज यावा म्हणून यंत्राच्या आवाजातला नमुना आला. ओळ होती, 'जगाला जगवणारा'. यंत्राने दोन्ही 'ज' सारखेच म्हटले. पहिला 'ज' तालव्य, 'जीव' मधला. दुसरा दंत्य, 'जवळ' मधला. लिहिताना अक्षर एकच, बोलताना दोन, आणि हे कुठल्याही शाळेत न शिकवता प्रत्येक मराठी पोराला येतं. मी ती ओळ सात वेळा बोलून पाठवली, सातही वेळा दोन्ही 'ज' आपापल्या जागी. त्यांनी पहिलाच टेक घेतला.

चाचांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "पाच वर्षांनी पिंजून घ्या, नाहीतर दगड होईल." गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाने टेंपो आणला आणि सातही गाद्या उतरवून नेल्या. चाचा आता दुकानात नुसते बसतात, पण कप्पे किती आणि टाके किती सैल हे त्यांनी खुर्चीवरून मुलाला सांगितलं. कप्प्यांमधला कापूस खाली बसला नव्हता. मुलाने हाताने गादी दाबून मला दाखवलं. खोली पुन्हा उघडी पडली आहे, टाळी वाजवली की टर्रर्र धावते. गाद्या शनिवारी मिळतील. रविवारी लावायच्या, रात्री अकराला शांततेचं एक मिनिट घ्यायचं. अंधेरीला कळवून टाकलं आहे: उरलेले लूप सोमवारी.